पणाची हद्द

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैसे लावून पोकर खेळायची ॲप्स लगोलग बंद पडली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा कोर्टाकोर्टांत वर्षानुवर्षे चाललेला वाद या कायद्याने ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता निकालात काढला. हौस मात्र कायद्याने संपत नाही. अंधेरी-बोरिवली किंवा मुलुंड-घाटकोपरच्या ज्या तरुणाला हा खेळ शिकायचा आहे त्याच्यासमोर मुख्यतः दोन वाटा उरल्या आहेत : कुणाच्या तरी फ्लॅटवर शनिवारी रात्री मांडलेले टेबल, नाहीतर ठाण्याहून कोकणकन्या पकडून गाठलेले गोव्यातले मांडवीवरचे कॅसिनो. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो, कॅश गेम खेळायचा की टूर्नामेंट? कॅश गेममध्ये चिप म्हणजे रोख रुपये. ब्लाइंड (दर डावाला आळीपाळीने सक्तीने लावायच्या रकमा) कायम तेवढेच, केव्हाही बसा, केव्हाही उठा, संपले तर पुन्हा घ्या. टूर्नामेंटमध्ये फी एकदाच भरायची. हातात येणाऱ्या चिपा बाहेर कुणी दमडीलाही घेणार नाही. ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात, चिपा संपल्या की खेळ संपला, आणि बक्षीस वरच्या मोजक्या लोकांना. हा प्रश्न सहसा गणिताचा म्हणून सोडवला जातो. मला तो आधी धर्माचा वाटतो. धर्माचा म्हणजे पापपुण्याच्या यादीतला नव्हे. हद्द नियमाने राखायची की खेळणाऱ्याच्या मनावर सोडायची, असा तो प्रश्न आहे, आणि नवख्याने ती मनावर सोडू नये असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याला सर्वात भक्कम पुरावा महाभारतात आहे. सभापर्वात द्यूत दोनदा होते, आणि आपण कथा सांगताना ते दोन्ही एकत्र कालवतो. पहिल्या द्यूतात पण आधी ठरलेला नाही. मोत्यांपासून सुरुवात होते, मग सोने, रथ, हत्ती, घोडे, राज्य, मग एकेक भाऊ, मग युधिष्ठिर स्वतः आणि शेवटी द्रौपदी. प्रत्येक डावानंतर शकुनी विचारतो, आणखी काय आहे, आणि युधिष्ठिराला प्रत्येक वेळी काहीतरी सापडते. उठायला त्याला कुणी मनाई केलेली नाही. दुसरे द्यूत, अनुद्यूत, अगदी वेगळे आहे. एकच डाव, पण आधी जाहीर आणि दोन्ही बाजूंना सारखा : हरेल त्याने १२ वर्षे वनवास आणि १ वर्ष अज्ञातवास भोगायचा. खेळणारा तोच, समोर शकुनी तोच, कपटही तेच, आणि युधिष्ठिर हरतोही दोन्ही वेळा. तरी पहिल्या हारीत माणसे गेली. धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले नसते तर ती परत मिळण्याचा मार्ग नव्हता. दुसऱ्या हारीत जेवढे बोलले होते तेवढेच गेले आणि तेरा वर्षांनी पांडव धडधाकट परतले. खेळणारा आणि कपट तेच असताना हानीत एवढा फरक पडला, तो पण लावण्याच्या रीतीमुळे. वनपर्वातला नळ हेच पुन्हा दाखवतो. पुष्कराशी महिनोन्महिने चाललेल्या खेळात तो राज्य घालवतो आणि अंगावरच्या एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून आल्यावर तो पुन्हा महिनोन्महिने बसत नाही. एकाच पणावर खेळतो आणि सारे परत मिळवतो.

द्रौपदीचा सभेतला प्रश्न आपण स्त्रीच्या सन्मानाचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण तो द्यूताच्या नियमाचाही प्रश्न आहे. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला दुसरे कुणी पणाला लावता येते का? जे त्याच्या हाती उरलेच नव्हते ते पटावर आले कसे? भीष्मालाही याचे सरळ उत्तर देता आले नाही. आजच्या पोकरने या प्रश्नाचे अर्धे उत्तर नियमात घातले आहे. डाव सुरू असताना टेबलावर असेल तेवढेच लावता येते, खिशातून नवे काढता येत नाही, घड्याळ उतरवून ठेवता येत नाही. पण हा नियम एका डावापुरता आहे. डाव संपला की पुन्हा बाय-इन करायला, म्हणजे पैसे देऊन नव्या चिपा घ्यायला, मोकळीक. पूर्वी निदान खिसा रिकामा व्हायचा. आता पत्ते पिसले जात असतानाच मोबाइलवर आणखी पाच हजार सरकतात, पगाराचे खाते आणि टेबल यांच्यामध्ये एका पिनचे अंतर उरते. ते खातेही आटले तर कुणीतरी म्हणते, ‘राहू दे, लिहून ठेवतो.’ त्या क्षणी टेबलावर नसलेली वस्तू पणाला लागलेली असते, आणि ती बहुधा एकट्या खेळणाऱ्याची नसते : घराचा हप्ता, मुलाची फी. श्रावणात घाटकोपर-मुलुंडच्या अनेक गुजराती-कच्छी घरांत तीन पत्ती रंगते, दिवाळीत आणखी कितीतरी घरांत. पण त्या खेळाला सणाची चौकट असते, दिवस संपतो आणि घरातली वडीलधारी माणसे पत्ते उचलतात. शनिवारच्या कॅश टेबलाला उचलणारे कुणी नसते.

जाणकार खेळाडू यावर हसतील. ते म्हणतील, केव्हाही उठता येणे हीच तर कॅश गेमची खुबी आहे. टूर्नामेंट तुम्हाला सहा तास बांधून ठेवते, शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच पैसे देते आणि चांगला खेळूनही माणूस महिनोन्महिने रिकाम्या हाताने परततो. कॅशमध्ये ब्लाइंड स्थिर असल्याने शांतपणे शिकता येते. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, पण उठता येणे आणि उठणे यांत युधिष्ठिराएवढे अंतर आहे. शकुनीने आधीच ओळखले होते की याला द्यूताचा नाद आहे, खेळता मात्र येत नाही. नवखा म्हणजे तोच : नाद लागलेला, विद्या नसलेला. वेळेवर उठणे हा शेवटी येणारा गुण आहे, आणि कॅश गेम तो पहिल्या दिवशी मागतो. शिवाय वेळेबरोबर वाढणारी एक किंमत नवख्याच्या नजरेत येत नाही. समजा, नऊ जण पाच-पाच हजार घेऊन कॅसिनोत बसले. टेबलावर ४५,००० रुपये. तासाला २५ डाव झाले आणि दर डावातून सरासरी १०० रुपये रेक (जागेच्या मालकाचा वाटा) गेला, तर सहा तासांत १५,००० रुपये, म्हणजे एक तृतीयांश रक्कम, जागेच्या मालकाकडे जाते. तेच नऊ जण पाच हजारांची टूर्नामेंट खेळले आणि त्या फीतले पाचशे आयोजकाचे असले, तर खेळ कितीही लांबला तरी ४,५००च जातात. हे कौटिल्याला पक्के ठाऊक होते. अर्थशास्त्रातला द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच घेतो, वर फाशांचे भाडे आणि पाण्याचे, जागेचेही पैसे. जागेचा मालक कधी हरत नाही, आणि खेळ लांबला की त्याचेच भले होते.

याहून सूक्ष्म आक्षेप गीतेच्या बाजूने येतो. पोकरचे शिक्षक सांगतात, निकाल पाहू नका, निर्णय पाहा. योग्य निर्णयाने पैसे गेले तरी खंत नको. हे निष्काम कर्मच नव्हे का, आणि ते शिकायला शेकडो सारखे डाव देणारा कॅश गेमच बरा नव्हे का? मला वाटते, इथे क्रम उलटा लागतो. समोरच्या प्रत्येक चिपेत रुपये दिसत असताना फळावरून मन काढ म्हणणे हे नवख्याकडून स्थितप्रज्ञाची अपेक्षा करणे आहे. टूर्नामेंटची फी भरली की ती गेली. व्रताच्या संकल्पासारखे तिथे काय द्यायचे ते आरंभीच बोलून होते आणि उद्यापन कधी तेही ठरलेले असते. त्यानंतर हातातल्या चिपा नुसती साधने राहतात, आणि पैशाच्या भीतीवाचून निर्णय कसा घ्यायचा याचा सराव खरोखर होतो. बबलवर, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सर्वांना पैसे मिळणार असतात तेव्हा, फळ पुन्हा डोळ्यांपुढे येते, हे मान्य. पण ते रात्रीतून एकदा येते, दर डावाला नव्हे.

टूर्नामेंटचाही एक मोह आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून १०,००० डॉलर फीच्या जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळवला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या एका निकालाने जगभरच्या नवख्यांना थोड्यात पुष्कळचे स्वप्न दाखवले. लॉटरीच्या तिकिटासारखी टूर्नामेंट खेळणाऱ्यासाठी माझा सगळा युक्तिवाद निकामी आहे. तसाच तो री-एन्ट्रीच्या टूर्नामेंटलाही लागू नाही. बाद झालेला माणूस तीनदा फी भरून परत बसत असेल तर तो नाव बदललेला कॅश गेमच आहे. माझे म्हणणे फक्त फ्रीझआउटबद्दल आहे : एक फी, एक जीव.

मग मुळातच जुगार त्याज्य असताना हा भेद कशाला, असे विचारणारे उरतात. मनू त्यांच्या बाजूने आहे, त्याने राजाला द्यूत समूळ बंद करायला सांगितले. पण याज्ञवल्क्याने ते राजाच्या देखरेखीखाली चालू दिले, म्हणजे कमी-अधिक हानीचा विचार आपल्या धर्मशास्त्रानेच केला आहे. ज्या गोव्याने कॅसिनोंना मांडवी दिली त्या गोव्यानेही २०२० मध्ये आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. चालू देणाऱ्यांनाही हद्द लागते. अजिबात न खेळणारा सर्वात सुरक्षित, यात वाद नाही, आणि पैशांवाचून शिकता आले तर त्याहून चांगले काही नाही. पण जो खेळणारच आहे त्याला पाप म्हणून सोडून दिले की त्याच्या वाट्याला सर्वात वाईट रीतच येते.

म्हणून नवख्याने टूर्नामेंट निवडावी, तीही फ्रीझआउट, आणि फीची रक्कम निघण्याआधी घरात सांगावी. फ्लॅटवर टेबल मांडणाऱ्यांना विनंती आहे : री-एन्ट्री ठेवू नका, उधारी लिहू नका, जागेचे पैसे कापू नका, कारण तसे केले की १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात तुमचे घर अड्डा ठरू शकते. आणि लवकर बाद झालेल्यांसाठी बाजूच्या टेबलावर कॅश गेम सुरू करू नका.