वसीयत, हिबा आणि आजोबांची लेखणी



मृत्यूची वेळ कोणालाही ठाऊक नाही. म्हणूनच ज्याच्यापाशी वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी ही हदीस ऐकल्यापासून आपली वसीयत सदैव जवळ बाळगली. आपल्याकडे मात्र वसीयतीचा विषय काढणे अशुभ मानले जाते, आणि जे थोडे लोक ती लिहितात त्यांतील बहुतेक जण जिथे तिची गरज नाही तिथेच लिहितात.

काही महिन्यांपूर्वी मुरबे येथील एक बुजुर्ग असरच्या नमाजनंतर माझ्याजवळ येऊन बसले. वाढवण बंदराची पायाभरणी 2024 मध्ये झाली आणि मुरब्याच्या बंदराचीही चर्चा सुरू झाली, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव आणि घराघरांतील कुजबुज दोन्ही वाढली आहेत. त्यांचे एक घर व लहानशी वाडी. घरी पत्नी, दोन मुलगे, दोन विवाहित मुली. तिसरा मुलगा ऐन तारुण्यात वारला. त्याची विधवा व दोन लहान मुले त्याच घरातील एका खोलीत राहतात. चाचा म्हणाले, "मौलाना, सगळे दोन्ही मुलांच्या नावे वसीयत करून टाकतो. मुलींच्या लग्नात खर्च झालाच आहे. अट एवढीच, की त्यांनी आईला सांभाळावे."

मी विचारले, "चाचा, आणि नातवंडे?"

ते म्हणाले, "त्यांना त्यांच्या बापाचा हिस्सा मिळेलच की!"

इथेच खरी चूक आहे, आणि ती केवळ त्यांची नाही. ज्या मुलाचा पित्याच्या हयातीत मृत्यू झाला, त्याचा पित्याच्या वारशात हिस्साच निर्माण होत नाही. मयताचे मुलगे हयात असता नातवंडे वारस ठरत नाहीत, आणि सून तर सासऱ्याची वारस कधीच नसते. म्हणजे चाचांनी काहीच लिहिले नसते, तर ती दोन अनाथ मुले व त्यांची आई त्या घरात केवळ काकांच्या मर्जीवर राहिली असती.

आता शरीअतची व्यवस्था पाहा. मयताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से, असा क्रम आहे. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे, हे पुरुषांनी विसरू नये. वसीयतीची मर्यादा एक तृतीयांश. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत आजारी असताना प्रेषित (स.) त्यांच्या भेटीस गेले. सअद यांनी दोन तृतीयांश संपत्ती दान करण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. अर्धी मागितली, तीही नाही. एक तृतीयांशाला अनुमती मिळाली, आणि तेही पुष्कळ आहे असे सांगून प्रेषितांनी (स.) बजावले, की वारसांना लोकांपुढे हात पसरण्याची पाळी आणण्यापेक्षा त्यांना संपन्न ठेवून जाणे उत्तम. दुसरी मर्यादा निरोपाच्या हजच्या प्रसंगी घोषित झाली: अल्लाहने प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क दिला आहे, म्हणून वारसाच्या नावे वसीयत नाही. कोणी ती केलीच, तर मृत्यूनंतर इतर वारसांनी राजीखुशीने मान्यता दिल्यासच ती अमलात येते. हयातीत बहिणींवर दडपण आणून घेतलेली संमती ही संमती नव्हे.

म्हणजे चाचांची मुलांच्या नावची वसीयत मुलींच्या संमतीवाचून टिकणारी नव्हती. शिवाय मुलांना तिची गरजही नव्हती, कारण त्यांचा हिस्सा दिव्य कुरआनने सूरह निसामध्ये ठरवूनच दिला आहे. लग्नाचा खर्च मुलीच्या वारशातून वजा होतो, असे मात्र त्यात कुठेही नाही.

तेव्हा चाचांनी दुसरी वाट काढली. "मग हयातीतच मोठ्याला घर हिबा करतो. अट अशी, की त्याच्यानंतर ते धाकट्याच्या मुलाकडे जावे."

हिबा हयातीत होतो, त्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. म्हणून लोकांना ही सोपी पळवाट वाटते. पण तिलाही नियम आहेत. देणाऱ्याने देऊ करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी हव्यात. हजरत अबू बकर (रजि.) यांनी आपली लाडकी कन्या हजरत आयशा (रजि.) यांना वीस वसक खजूर देऊ केले होते, पण त्यांचा ताबा दिला गेला नव्हता. मृत्युसमयी ते म्हणाले, की तू ताबा घेतला असतास तर ते तुझे झाले असते. आता ते वारसांचे आहेत, तुझ्या दोन भावांचे व दोन बहिणींचे. एक बहीण तर अजून मातेच्या उदरात होती! खलीफाने आपल्या सर्वात प्रिय कन्येसाठीही नियम वाकवला नाही आणि न जन्मलेल्या वारसाचाही हक्क मोजला. मृत्युशय्येवर केलेला हिबाही वसीयतीसारखाच मानला जातो. त्यालाही त्याच मर्यादा लागतात.

आणि अट? तहहयात देणगीला शरीअतमध्ये 'उमरा' म्हणतात. हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसनुसार अशी दिलेली वस्तू घेणाऱ्याची व त्याच्या वारसांची होते. आपल्या कोकणातील बहुसंख्य लोक शाफिई, तर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांसाठी आलेले अनेक बंधू हनफी. दोन्ही पंथांत परत येण्याची अट इथे निष्फळ ठरते. शिवाय एका अपत्याला देणे आणि इतरांना डावलणे यावर प्रेषितांची (स.) नापसंती प्रसिद्ध आहे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या पित्याने त्यांना देणगी देऊन प्रेषितांना (स.) साक्षीदार होण्याची विनंती केली, तेव्हा इतर मुलांनाही तेवढेच दिले का, असे त्यांनी विचारले. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला.

आईला सांभाळण्याविषयी बोलायचे, तर ते मुलांचे कर्तव्यच आहे. घराच्या बदल्यात ते विकत घ्यायचे नसते. तरीही वृद्धांनी हे जाणून असावे, की 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी.

मग वसीयत कोणासाठी? त्या अनाथांसाठीच! इजिप्तने 1946 च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी 'वाजिब वसीयत' ठरवली. पाकिस्तानने 1961 मध्ये त्यांना वारशात मृत पित्याच्या जागी ठेवले. त्या उपायांवर विद्वानांत मतभेद आहेत. भारतात तसा कायदा नाही; इथे सारी भिस्त आजोबांच्या लेखणीवर आहे. आणि ही वाट शरीअतने चौदा शतकांपासून उघडी ठेवली आहे.

मी कागदावर हिशोब मांडला. कर्ज व महर फेडून उरेल त्याचे 72 भाग करा. 24 भागांपर्यंत वसीयत नातवंडांसाठी. उरलेल्या 48 पैकी पत्नीला 6, प्रत्येक मुलाला 14, प्रत्येक मुलीला 7. विधवा सुनेला खोलीची मालकी न देता तिथे राहण्याचा हक्कही वसीयतीने देता येतो. वस्तूच्या केवळ उपयोगाची वसीयत वैध आहे. तिचे मूल्य मात्र त्याच 24 भागांत धरावे लागते. वसीयत तोंडीही होते, पण ती लिहावी, दोन विश्वासू साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि मुला-मुलींना हयातीतच सांगावी. जहाजावर वा आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी तर निघण्यापूर्वीच. प्रवासात मृत्यू समोर दिसला तरी वसीयतीला दोन साक्षीदार असावेत, असे सूरह माइदामध्ये आले आहे.

चाचा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मौलाना, मी तर त्या पोरांना रोज मांडीवर घेतो. तरी त्यांनाच विसरलो होतो."

बंधू-भगिनींनो, वारशाचे नियम सांगण्याआधीच सूरह निसा आपल्याला एक प्रश्न विचारते: तुम्ही स्वतः दुबळी मुले मागे सोडून गेला असता, तर तुम्हाला त्यांची किती चिंता वाटली असती? ती चिंता आज शेजारच्या खोलीतील अनाथांविषयी वाटू द्या. ज्यांना अल्लाहने हिस्सा दिला आहे त्यांचा हिस्सा हिरावू नका. ज्यांना हिस्सा नाही त्यांना तुमच्या एक तृतीयांशात आठवा.

हे अल्लाह, आमच्या घरांतील वाटण्या न्यायाने होऊ दे, आमच्या लेकींचे व अनाथांचे हक्क आमच्या मानेवर ठेवून आम्हाला उचलू नकोस. आमीन.