देवाच्या वतीने खोटं बोलणारा माणूस

डॅन ब्राऊनची 'एंजल्स अँड डेमन्स' (२०००) हातात घेतली की खाली ठेववत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जातं, व्हॅटिकनमध्ये दडवलं जातं आणि स्फोटाला काही तासच उरतात. यातलं विज्ञान फार मनावर घेऊ नका. सर्नमध्ये आजवर तयार झालेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र केलं, तरी त्यावर एक बल्ब काही मिनिटंच जळेल. कादंबरीतला नैतिक प्रश्न मात्र खरा आहे. (शेवट ठाऊक नसेल, तर आधी कादंबरी वाचा.)

खलनायक निघतो कॅमरलेंगो, म्हणजे पोप वारल्यावर नवा पोप निवडेपर्यंत कारभार पाहणारा धर्मगुरू. विज्ञानामुळे माणसं देवापासून दुरावली, हे त्याचं दुःख ढोंगी नाही. विज्ञान आजार बरे करतं, पण जगायचं कशासाठी ते सांगत नाही, हा त्याचा मुद्दाही सहज उडवून लावता येत नाही. पण लोकांना चर्चकडे परत आणण्यासाठी तो खून पाडतो, भीती पसरवतो आणि शेवटी गर्दीसमोर बनावट चमत्कार घडवतो.

देव आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याला देवाच्या वतीने खोटं का बोलावं लागतं? मला वाटतं, कादंबरीत सगळ्यांत कमी श्रद्धा याच्याकडेच आहे. देव आपलं बघून घेईल, एवढाही भरवसा त्याला नाही.

त्याने ज्याचा जीव घ्यायला लावला तो व्हेत्रा पाद्रीही होता आणि भौतिकशास्त्रज्ञही. त्याला प्रयोगातून देव सिद्ध करायचा होता. माणूस भला, पण श्रद्धेला पुरावा लागतो हे त्यानेही मान्यच केलेलं.

प्रत्यक्षातला एक पाद्री-शास्त्रज्ञ वेगळा वागला. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाची आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना मांडली. त्यातूनच पुढे महास्फोटाचा सिद्धांत आकाराला आला. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मात्याची साक्ष पाहिली. लमेत्र खूश व्हायला हवे होते, पण ते अस्वस्थ झाले. त्यांच्या लेखी हा सिद्धांत देवाच्या बाजूचाही नव्हता आणि विरोधातलाही नव्हता.

कारण उद्या सिद्धांत बदलला तर? मग एक तर त्याला बांधलेली श्रद्धा कोसळेल, नाहीतर श्रद्धा वाचवण्यासाठी सिद्धांत बदलूच दिला जाणार नाही.

'आमच्या धर्मात हे आधीच होतं, आता विज्ञानानेही सिद्ध केलं' असे फॉरवर्ड आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण धर्माचा मान राखतोय. खरं तर त्याने धर्माला प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळेच्या दारात रांगेत उभं केलेलं असतं.