गारवा आणि शेजारधर्म

उन्हाळा लागला म्हणजे विजेच्या काटकसरीचा उपदेश सर्वत्र सुरू होतो, आणि तो बहुधा बिलाच्या आंकड्यावर येऊन थांबतो. बिल आमचें, तें भरणार आम्ही. मग आमच्या खोलींत गारवा किती असावा हें सांगणारे तुम्ही कोण, असें कोणी विचारल्यास या उपदेशकांपाशीं उत्तर नसतें. आमच्या मतें उत्तर आहे. मात्र तें तिजोरींत न शोधतां भिंतीपलीकडे शोधलें पाहिजे.

वातानुकूलनाचें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, आणि त्या कामीं जी वीज खर्चतें तिचीही उष्णता होऊन त्याच झोतांत मिसळते. म्हणजे आंतून जितकी उष्णता काढली जाते त्याहून अधिक बाहेर पडते. (१९०२ सालीं विलिस कॅरिअर यानें ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीं हें तंत्र योजिलें, तें माणसांच्या सुखासाठीं नव्हे, तर दमट हवेनें कागद फुगून छपाई बिघडूं नये म्हणून!) आपल्या अंगणांतील केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणाऱ्यास आपण असंस्कृत म्हणतों, मग अरुंद बोळांत समोरच्या खिडकीवर रात्रभर तप्त वारा सोडणाऱ्यास काय म्हणावें? ती खिडकी उघडी असते, कारण त्या घरांत यंत्र नसतें.

आणि हा शेजार बोळापुरता नाहीं. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथेंच २९२० मेगावॉट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र दगडी कोळसा जाळतें. दूरच्या शहरांतील शयनगृहें निवावीं म्हणून निघणारा धूर आधींच भाजून निघणाऱ्या त्या गांवानें सोसावयाचा.

तथापि गारव्याचा त्याग करावा असें आमचें म्हणणें नाहीं. उन्हाच्या तडाख्यानें माणसें मरतात. वृद्ध, तान्हीं मुलें व रोगी यांच्या खोलींतील यंत्र बंद करा म्हणणें क्रौर्य होय. पत्र्याच्या खोलींत राहणाऱ्यास संयम शिकविणें तर निव्वळ निर्लज्जपणा. तो नाइलाजानें जन्मभर संयमच करीत आला आहे. त्याच्या पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात फिरविल्यास त्यास अधिक उपयोग होईल.

प्रश्न उरतो तो ज्यांस निवड आहे त्यांचा. यंत्र १८ अंशांवर ठेवून वर दुलई पांघरून निजणें यास सुख म्हणावें कीं मिजास? भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानें तपमान एक अंशानें वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते. २०२० पासून तारांकित यंत्रें सुरू होतांच २४ अंशांवर असावीं असा नियमही आहे. त्यास पंख्याची जोड द्यावी. पंखा खोली थंड करीत नाहीं, अंगावरचा घाम सुकवून देहास निववितो. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा केवळ वीज खातो. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेंत वाळ्याच्या ताट्या व पाण्याचे कूलर उत्तम काम देतात; मुंबई-कोंकणांत हवाच दमट, तेथें वाऱ्याचाच आधार. पश्चिमेची खिडकी दुपारीं झांकावी, तीही शक्य तर बाहेरून. कांचेंतून ऊन एकदां आंत शिरलें कीं पडद्यास तें फारसें परतवितां येत नाहीं.

परंतु ज्या वास्तुशिल्पकारानें पश्चिमेस सबंध कांचेचीच भिंत उभारली, त्यानें तेथें पुढें राहावयास येणाऱ्यांची निवड आधींच हिरावून घेतलेली असते. आणि त्याचा जाब त्यास अद्याप कोणी विचारीत नाहीं.