जुनी मोटार : ठेवावी की विकावी?

वडिलांनी हौसेने घेतलेली अँबॅसडर दारात उभी आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणून तिच्याविषयीची ममता अधिकच वाढते. ती ठेवावी की विकावी, असा प्रश्न गृहस्थापुढे उभा राहतो.

श्रीगीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ते नियत कर्माविषयी असले तरी येथेही ती कसोटी लावून पाहावी. शेजाऱ्याची नवी गाडी पाहून भुलून विकणे हा मोहाचा त्याग, म्हणून तामस. कार्बुरेटर साफ करण्याच्या कष्टांना भिऊन विकणे राजस. आसक्ती सोडून, कर्तव्य पाहून जे करावे ते सात्त्विक.

आता कर्तव्य पाहावे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. ब्रेक निर्दोष आहेत, धूर मर्यादेत आहे, मुलांच्या शिक्षणाला धक्का न लावता खर्च निभतो, तर विश्वस्ताच्या भावनेने ती अवश्य ठेवावी. परंतु गंजत पडलेली गाडी केवळ मिरविण्यासाठी ठेवणे हा परिग्रहच होय. मग ती जाणत्या हाती द्यावी. देताना रंगाखालचा गंज लपवू नये, आणि सरकारी दप्तरी नाव बदलून घ्यावे. तोवर जबाबदारी आपलीच राहते.

बंधूंनो, आधी ‘माझी’ ही बुद्धी सोडावी. मग निर्णय घ्यावा.