बाळाचें आसन

कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते कोणीं गंभीरपणें विचारले तर ऐकणाऱ्यास हंसूं येतें. बाळाला जेवावयास कोठें बसवावें, हा त्यांपैकींच एक होय. नीति आणि समाजव्यवहार यांचे थोर प्रश्न वाट पाहत असतां मासिकाचीं पानें एका खुर्चीपायीं कां खर्चीं घालावीं, अशी शंका वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु मनुष्याचा समाजांतील पहिला प्रवेश शाळेंतून होत नाहीं, सभेंतूनहि होत नाहीं. तो घरच्या पंक्तींतून होतो. त्या पंक्तींत आपण त्याला कोणती जागा देतों, यावरून आपण त्याला काय समजतों हें, आपल्या नकळत, उघड होऊन जातें. म्हणून हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाहीं.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्याचे दोन तालुके या प्रश्नाच्या दृष्टीनें पाहण्याजोगे आहेत. शहापूर तालुक्यांत आसनगांव, आटगांव, खर्डी या स्थानकांच्या आसऱ्यानें राहून रोज कल्याण, ठाणें, मुंबई गांठणारीं कुटुंबें वाढलीं आहेत. त्यांच्या घरांत जेवणाचें टेबल आलें. त्याच कुटुंबांचीं वडिलार्जित घरें टोकावडें, धसई, किन्हवली, डोळखांब या बाजूंच्या गांवांत आहेत आणि तेथें अजून चुलीजवळच्या जमिनीवर ताटें मांडलीं जातात. एकच मूल आठवड्याचे पांच दिवस टेबलाशीं जेवतें आणि सणावारीं पाटाशीं. मग सुट्टीला गांवीं जातांना मुलाची उंच खुर्चीहि गाडींतून जाते. आजोबा मांडी घालून भाताचा घास कालवीत आहेत आणि नातवाचे पाय त्यांच्या मस्तकाच्या उंचीवर लोंबत आहेत, असें दृश्य मग दिसतें. आजी म्हणते, "लेकराला असं टांगून कां ठेवलंय? माझी मांडी काय झिजली?" सूनबाई म्हणते, "अहो आई, मांडीवर तो खातच नाहीं, नुसती ओढाओढ करतो." दोघींचेंहि म्हणणें बाळाच्या हिताचें आहे, आणि दोघींनाहि दुसरीचें म्हणणें हट्टाचें वाटतें. अशा वेळीं कोण जुनें आणि कोण नवें हें ठरवून निकाल देणें सोपें असतें. पण तो निकाल न्यायाचा नसतो.

प्रथम खुर्चीची बाजू पाहूं. ती उंच कां झाली? जेथें वडील माणसें टेबलाशीं बसतात, तेथें मूल जमिनीवर ठेवलें तर त्याला केवळ मोठ्यांचीं पावलें दिसणार. त्याला सर्वांच्या तोंडांसमोर आणावयाचें, तर त्याचें आसन उंच करणें प्राप्तच होतें. नॉर्वेमधील पीटर ऑप्सविक या कारागिरानें 1972 सालीं ट्रिप ट्रॅप नांवाची जी खुर्ची योजिली, तिचा सारा हेतु हाच होता. तिच्यांत बैठक आणि पाय टेकण्याची फळी या दोन्ही मुलाच्या वाढीबरोबर खालींवर सरकवितां येतात आणि मूल थेट घरच्या टेबलाला लागून बसतें. म्हणजे उंची हा खुर्चीचा गुण नव्हे; सर्वांच्या पंक्तीस बसणें हा तिचा गुण, आणि उंची ही त्यासाठीं पत्करलेली गैरसोय. पंक्ति जमिनीवर असेल तर तीच उंची मुलाला पंक्तींतून बाहेर काढते. जें तेथें जोडण्यासाठीं निर्माण झालें, तें येथें तोडण्याचें साधन होतें. परकी वस्तु घेण्यांत दोष नाहीं. वस्तु घ्यावी आणि तिचें कारण तेथेंच ठेवून यावें, यांत दोष आहे.

मग आजीची मांडीच बरी, असें कोणी म्हणेल. तेंहि आम्हांस पुरतें मान्य नाहीं. मांडीची ऊब कोणत्याहि लांकडाला येणार नाहीं हें खरें. उष्टावण मामाच्या मांडीवर करण्याच्या आपल्याकडील चालींत फार सुंदर अर्थ आहे: अन्नाची पहिली ओळख आप्ताच्या स्पर्शानें व्हावी. परंतु विधि एक दिवसाचा असतो आणि जेवण रोजचें. रोजच्या जेवणांत मांडीवरच्या मुलाचे हात बहुधा कोणाच्या तरी हातांत अडकलेले असतात. घास समोरून येत नाहीं, बाजूनें किंवा मागून येतो. त्यानें तोंड फिरविलें तर आपण त्याचें तोंड पुन्हां वळवितों. ओठ मिटले तर चिऊ-काऊ दाखवितों. तेंहि न साधल्यास हल्लीं मोबाईलवरचीं चित्रें दाखवितों, आणि तें त्या चित्रांत गुंतलें कीं घास सारून मोकळे होतों. यांत वात्सल्य आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत मुलाच्या "नको"ला कोठें जागा आहे? भूक ही मनुष्याची पहिली स्वतःची गोष्ट आहे. ती केव्हां भागली हें त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणास कळत नाहीं. तेवढ्या एका बाबतींत तरी त्याचा शब्द, तो बोलतां येत नसला तरी, प्रमाण मानला पाहिजे.

मारिया माँटेसोरी यांनीं 1907 सालीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, तेव्हां मुलांना जखडून ठेवणारे बांक काढून त्यांच्या बेताच्या हलक्या खुर्च्या आणि टेबलें आणलीं. या साध्या बदलांत मोठा सिद्धांत होता: वस्तु मुलाच्या मापाची असेल तरच मूल स्वतःचें काम स्वतः करूं शकतें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं तो विचार गरिबीच्या परिस्थितींत रुजविला. जमिनीवर बसणाऱ्या समाजाला त्या विचारासाठीं विलायती सामानच हवें असें नाहीं. मुलाच्या मापाचा पाट आणि त्याच्या हातांत मावेल अशी वाटी एवढ्यानेंहि त्याचा आरंभ होतो. म्हणून स्वतंत्र आसन असावें, या सूनबाईच्या म्हणण्यांत तथ्य आहे; फक्त तें आसन उंच असण्याची सक्ति नाहीं.

शरीराचेंहि कांहीं म्हणणें आहे आणि तें ऐकल्यावांचून नीतीचा विचार पुरा होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें पहिले सहा महिने केवळ आईचें दूध पुरें. नंतर वरचें अन्न सुरू करावें आणि दूध दोन वर्षें किंवा त्याहून अधिक काळ चालूं ठेवावें. आपल्या उष्टावणाचा काळहि बहुधा याच सुमाराचा असतो. या वेळीं मान स्थिर झालेली असते आणि थोड्या आधारानें मूल बसूं लागतें. मान न धरणाऱ्या मुलाला चारी बाजूंनीं उशा लावून बसतें करणें ही आपली हौस आहे, त्याची गरज नव्हे. उलट बसतां येऊं लागल्यावर त्याला निजवून किंवा मागें कलतें ठेवून भरविणें धोक्याचें असतें. घास श्वासनलिकेंत जाण्याची भीति त्यांत अधिक. पाठ सरळ असावी आणि पावलांना टेंकू असावा. पाय अधांतरीं लोंबत असले म्हणजे मुलाचें सारें लक्ष तोल सांभाळण्यांत जातें आणि हात घास उचलण्यास मोकळे राहत नाहींत. जमिनीवरच्या आसनाचा हा लाभ आपण विसरलों आहों: तेथें भूमीच पावलांस आधार देते, आणि मूल पडलें तरी फार खालीं पडत नाहीं.

आतां पट्ट्याचा प्रश्न. उंच खुर्चीवरून मूल पडूं नये म्हणून तिला पट्टा असतो. एक पट्टा दोन पायांमधून यावा, नाहीं तर मूल खालून सरकून अडकतें. खुर्चीचा पाया रुंद असावा आणि ती टेबलाला किंवा भिंतीला इतकी लागून नसावी कीं, पायांनीं रेटा देऊन मूल तिच्यासह उलटेल. मोठ्या खुर्चीवर बांधावयाचें जें लहान आसन बाजारांत बूस्टर या नांवानें मिळतें, तेंहि आधीं खुर्चीला आणि मग मुलाला असें दोन्हीकडे बांधावें लागतें. हें बंधन मुलाच्या रक्षणासाठीं आहे, तोंवर त्यास कोणी दोष देणार नाहीं. पण एकच पट्टा दोन कामें करूं शकतो. जेवण संपलें, मूल उतरूं पाहत आहे, आणि घरांतल्यांना अजून अर्धा तास शांतता हवी आहे. तेव्हां तोच पट्टा रक्षणाचा न राहतां बंदिवासाचा होतो. बंधन कोणाच्या सोईसाठीं आहे, हा प्रश्न मोठमोठ्या राज्यांना विचारला जातो. तो आपल्या स्वयंपाकघरांतहि विचारावा.

साधनाच्या मोहांत हेतु कसा हरवतो याचें एक उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. आपला जुना लांकडी पांगुळगाडा मूल मागें उभें राहून ढकलीत असे; चालणें त्याचें असे, गाडा केवळ हाताला. पुढें मुलाला मध्यें बसवून चाकांवर फिरविणारे गाडे आले. त्यांत मूल चालण्यापूर्वींच धांवूं लागलें आणि जिन्यावरून कोसळूं लागलें. कॅनडा देशानें 2004 सालीं अशा गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. जें साधन मुलाच्या शक्तीला हात देतें तें चांगलें. जें त्याच्या शक्तीची जागा घेतें त्याविषयीं सावध असावें.

या वादांत एका व्यक्तीचें नांव अद्याप निघालें नाहीं, आणि बहुतेक घरांत तें निघतच नाहीं. मांडी चांगली कीं खुर्ची चांगली असें आपण बोलतों, तेव्हां ती मांडी कोणाची हें विसरतों. मूल मांडीवर असेपर्यंत मांडीच्या धनिणीचें ताट झांकलेलें असतें. घरांत सर्वांचें झाल्यावर, मुलाचें आटोपल्यावर, निवालेला भात आणि तळाशीं उरलेलें कालवण तिच्या वांट्यास येतें; आणि दुधावर वाढणाऱ्या मुलाची आई तर दोन जिवांचें खात असते. आपल्या भाषेंत पंक्तिप्रपंच असा एक कठोर शब्द आहे. एकाच पंक्तींत कोणास तूप आणि कोणास ताक वाढणें हें पाप, अशी त्यामागची भावना आहे. समतानंद अनंत हरि गद्रे यांनीं झुणका-भाकरीच्या सहभोजनांनीं जातिभेदाच्या पंक्ति मोडूं पाहिल्या. पण जी पंक्तींत बसतच नाहीं तिच्यासंबंधीं होणाऱ्या प्रपंचाला आपल्याकडे शब्दहि नाहीं. मुलाला स्वतःचें आसन देण्याचा आम्हांस दिसणारा सर्वांत मोठा लाभ हा कीं, त्यामुळें आईचे हात आणि मांडी मोकळी होते, आणि तिला त्याच्या शेजारीं, त्याच वेळीं, ऊन ऊन जेवतां येतें. सासूबाईंनीं या दृष्टीनें विचार केला तर त्यांच्या स्वतःच्या तरुणपणाचीं किती तरी थंड जेवणें त्यांना आठवतील, आणि कदाचित् त्या सुनेच्या बाजूला येतील.

येथवर आम्ही निवड करूं शकणाऱ्यांविषयीं बोललों. याच दोन तालुक्यांच्या पाड्यांवर ज्यांना निवडच नाहीं अशीं कुटुंबें पुष्कळ आहेत. भातकापणी आटोपली कीं कातकरी कुटुंबें भिवंडी-कल्याणच्या बाजूस वीटभट्ट्यांवर जातात. तेथें तान्हें मूल लुगड्याच्या झोळींत असतें आणि थोरलें भावंड झोका देतें. त्यांच्यापुढें खुर्चीची चर्चा करणें ही क्रूर थट्टा होईल. ताराबाई मोडकांनीं 1945 सालीं बोर्डी येथें, त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, ग्रामबालशिक्षेचें काम उभारलें आणि 1957 सालीं अनुताई वाघांसह तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें; हीं दोन्ही गांवें 2014 पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, हा त्यांचा विचार. 1975 पासून देशभर उघडत गेलेल्या सरकारी अंगणवाड्यांच्या नांवांत तो आजहि ऐकूं येतो. अंगणवाडीच्या सतरंजीवर ओळीनें बसून खिचडी खाणारें मूल कोणत्याहि सागवानी आसनावरच्या मुलाइतकेंच सन्मानानें बसलेलें असतें. मात्र ती खिचडी रोज आली पाहिजे, आणि मूल भट्टीवर गेलें तर तेथेंहि ती पोंचली पाहिजे. आसनाचा प्रश्न अन्नानंतरचा आहे, हें ज्यांच्या ताटांत अन्न आहे त्यांनीं विसरूं नये.

तेव्हां निर्णय काय? ज्या घरीं टेबल आहे त्यांनीं उंच खुर्ची किंवा बांधावयाचें आसन अवश्य घ्यावें; पाया, पट्टा आणि पाय टेकण्याची फळी पाहून घ्यावें, आणि तें टेबलापासून दूर कोंपऱ्यांत ठेवूं नये. ज्या घरीं पाट आहे त्यांनीं गांवच्या सुताराकडून पाठीला टेंकू असलेलें, कडा घासून गुळगुळीत केलेलें बुटकें आसन करवून घ्यावें. भडक रंगाचा मोह टाळावा, कारण मूल आधीं तें चाटून पाहणार. ज्यांचीं दोन घरें आहेत त्यांनीं दोन्ही रीति ठेवाव्या. मुलें या बाबतींत आपल्यापेक्षां उदार असतात. पुढ्यांत मऊ भात किंवा नाचणीची पेज ठेवावी; तें हात बरबटील, थोडें सांडील, थोडें खाईल, आणि पुरें झालें कीं तोंड फिरवील. तें फिरलेलें तोंड पाहण्यास समोर कोणी तरी असावें, आणि जो असेल त्याचेंहि ताट वाढलेलें असावें. एवढें साधलें तर आसन लांकडाचें असो, सतरंजीचें असो वा आजीच्या मांडीचें असो, मूल योग्य जागीं बसलें असें आम्ही म्हणूं.