वाटाड्या आणि वाचक : कल्पित अरण्याच्या प्रेमाविषयी

कथात्म साहित्यातील काही स्थळे कथानकापेक्षा अधिक काळ टिकतात. पात्रांची नावे पुसट होतात, घटनांचा क्रम विसरतो. परंतु एखादी पाऊलवाट, एखादे तळे, एखाद्या घराची पडवी वाचकाच्या ठायी राहते आणि पुस्तक मिटल्यावरही तो तेथे वावरत असतो. आपल्या समीक्षेने या वावराची फारशी दखल घेतलेली नाही. 'वातावरणनिर्मिती' या शीर्षकाखाली दोन-चार ओळी लिहून ती पात्रचित्रणाकडे वळते. वाचक ज्यासाठी त्या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जातो ते मात्र बहुधा त्या दोन-चार ओळींतच राहून गेलेले असते.

प्रस्तुत लेखात एकाच मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मालगुडीसारख्या स्थळाला पत्ता नाही. त्याच्यावर कितीही प्रेम केले तरी कोणाचे काही देणे लागत नाही. काही कल्पित स्थळांना मात्र खरा पत्ता असतो. तेथे माणसे राहतात, सरकारी दप्तरात त्यांच्या नोंदी असतात, आणि वाचकाचे प्रेम तेथवर पोहोचून काही बरेवाईट घडवू शकते. अशा स्थळावरील प्रेमातून वाचकावर काही दायित्व येते काय? मराठी वाचकाच्या बाबतीत हा प्रश्न पूर्व विदर्भाच्या अरण्याइतका तीव्रपणे अन्यत्र क्वचितच उभा राहतो. कोकणातील घर आणि माणदेशातील गाव यांच्या जोडीने भंडाऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचे हे अरण्य त्याच्या आवडत्या वाङ्मयीन स्थळांत मोडते. आणि घर वा गाव यांच्याप्रमाणे ते त्याच्या स्वतःच्या आठवणींतून आलेले नाही. ते त्याला पुस्तकांनी दिले आहे.

या प्रेमाची एक फार जुनी संहिता याच भूमीतील कवीची आहे. भवभूती स्वतःला पद्मपुरचा म्हणवतो, आणि वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर आमगावजवळचे, म्हणजे त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातील, असे मानले. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात परततो. संस्कृत साहित्यातील अरण्यवर्णनाची ही एक श्रेष्ठ जागा, यात वाद नाही. डोंगर, गुहा, झऱ्यांचे आवाज, आणि या सर्वांत मिसळलेली सीतेसोबतच्या दिवसांची स्मृती. परंतु रामाला हे अरण्य दाखवतो कोण? शंबूक. तप केल्याच्या अपराधासाठी रामाने नुकताच ज्याचा वध केला तोच शूद्र तपस्वी दिव्य रूप धारण करून येतो, वधाबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो आणि 'हेच ते दंडकारण्य' असे सांगून वाटाड्याचे काम करू लागतो.

रसिक परंपरेने या अंकातील करुण रसाची चर्चा भरपूर केली. रामाचे दुःख हा तिचा विषय होता. भवभूतीला वधाची बोच होती हे स्पष्ट दिसते. रामाला तो स्वतःच्याच उजव्या हाताशी कठोर बोलायला लावतो. तरीही नाट्यरचनेचे तर्कशास्त्र विलक्षण आहे. अरण्य सुंदर दिसण्यासाठी ते जाणणारा कोणी हवा. त्याने ते दाखवावे, पण त्यावर हक्क सांगू नये. मेलेला आणि कृतज्ञ असलेला वाटाड्या याहून सोयीचा कोण असणार? पुढील अरण्यसाहित्यात वाटाड्याला प्रत्यक्ष मारण्याची गरज उरली नाही. त्याचे मौन पुरेसे ठरले.

हे मौन जगातील बहुधा सर्वाधिक लाडक्या कल्पित अरण्यात स्पष्ट ऐकू येते. रुडयार्ड किपलिंगचे 'जंगल बुक' (१८९४) आणि त्याचा दुसरा भाग (१८९५) यांतील अरण्य सिवनीच्या टेकड्यांचे आहे व त्यातून वाहणारी नदी वैनगंगा आहे. सिवनी किपलिंगने पाहिलेली नव्हती. या कथा त्याने अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये बसून, इतरांच्या वर्णनांच्या आधारे लिहिल्या. नदी मात्र खरी आहे. सिवनीत उगम पावून बालाघाट, भंडारा या मार्गाने ती खाली येते, चंद्रपूर व गडचिरोली यांची सीमा होते, मार्कंड्याच्या देवळांखालून जाते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. इंग्लंडमधील मुलांनी ज्या नदीच्या काठी मनाने खेळ मांडला, तिच्याच काठी आरमोरी व वडसा ही गावे आहेत, हे त्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या वाचकालाही ते क्वचितच जाणवते, याचे मात्र नवल वाटते.

दुसऱ्या भागातील एका कथेत मोगली हत्तींना व हरणांना हाताशी धरून एक गाव उद्ध्वस्त करतो. भयभीत गावकरी जवळच्या भटक्या गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात आणि विचारतात, आमच्यावर जुने देव कोपले आहेत काय? तो गोंड एक शब्दही उच्चारत नाही. कडू कारल्याचा वेल उचलून तो देवळाच्या दारावर आडवातिडवा विणतो, हाताने वाटेकडे खूण करतो आणि आपल्या जंगलात परततो. प्रसंग प्रभावी आहे. या दोन पुस्तकांतील उत्तम जागांपैकी एक. पण येथे वाटणी कशी झाली ते पाहण्याजोगे आहे. प्राण्यांना भाषा आहे, कायदा आहे, वक्तृत्व आहे. गावकऱ्यांना बडबड आहे. ज्याला अरण्य खरोखर वाचता येते त्या माणसाला लेखकाने ज्ञान दिले, वाणी दिली नाही; आणि त्याला 'भटका' ठरवून अरण्यात गाव असण्याची शक्यताही मिटवली. रिकामे झालेले हे अरण्य मग वाचकाला मनसोक्त हिंडण्यासाठी मोकळे मिळते.

मोगलीचे पुढे काय झाले हेही किपलिंगने आधीच, १८९३मध्ये, लिहून ठेवले होते. 'इन द रुख' या कथेत प्रौढ मोगली वनखात्याच्या चाकरीत शिरतो. पगार आणि निवृत्तिवेतनाचे बोलणे होते. १८७८च्या वन कायद्यानंतरच्या हिंदुस्थानात अरण्यपुत्राला अरण्यात राहण्याचा दुसरा मार्ग लेखकाला सुचला नाही, हे त्याच्या काळाशी प्रामाणिकच म्हटले पाहिजे.

मराठीतील अरण्यलेखन या परंपरेचे सरळ अनुकरण नाही, हे आधीच सांगावयास हवे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' काही दिवसांच्या पाहुण्याचे पुस्तक आहे, आणि पाहुणेपण ते लपवीत नाही. त्यातील संयम हाच त्याचा नैतिक गुण आहे. १९८३च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवलेल्या 'सत्तांतर'मध्ये माणूस जवळजवळ नाहीच. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष आहे, आणि अरण्याला शांतीचे आगर मानणाऱ्या वाचकाला ते पुस्तक सुखाने बसू देत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ते वनाधिकारी होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हा प्रदेश त्यांनी वर्षानुवर्षे पायाखाली घातला, आणि वनरक्षक, पारधी, आदिवासी सोबती यांच्याकडून शिकल्याचे ते मोकळेपणाने नोंदवतात. सारंगागार, काकागार यांसारखे शब्द त्यांनी मराठीत रुळवले. मराठी वाचकाचे अरण्य मोठ्या प्रमाणात त्यांच्या शब्दांनी घडले आहे, आणि त्या शब्दांमागील ज्ञान पुष्कळदा ऐकलेले, कोणी तरी सांगितलेले आहे.

तरीही या सर्व लेखनाचा एक सामायिक स्थलकाल आहे : विश्रामगृहाची पडवी. निवेदक तेथे येतो, मुक्काम करतो, पहाटे बाहेर पडतो, रात्री परतून नोंदी करतो. त्याला अरण्यात असण्याचा परवाना आहे. ज्याच्या पोटाचा प्रश्न मोहफुले वेचण्यावर, तेंदूपत्ता तोडून पुडे बांधण्यावर वा बांबू कापण्यावर अवलंबून आहे, त्याचा दिवस या पडवीवरून दिसतो; परंतु तो निवेदनाचे केंद्र होत नाही. मोह या झाडाचे मराठीत वर्णन करावयाचे तर सुगंधाचा उल्लेख आलाच पाहिजे असा संकेत पडून गेला आहे. भल्या पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या लेखी तो आधी वजनाचा प्रश्न असतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. साहित्यकृतीतील स्थळ शब्दांनी बनलेले असते. त्याचे भूगोलाशी असलेले साम्य आनुषंगिक असते. म्हणून त्यावरील प्रेमातून ऋण निघते असे म्हणणे म्हणजे वाङ्मयीन आणि वाङ्मयबाह्य यांची गल्लत करणे होय, असा हा आक्षेप आहे. त्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. कलाकृतीने वनहक्कांची बाजू मांडलीच पाहिजे अशी सक्ती केल्यास अहवाल हातात येतील, पुस्तके नव्हेत. परंतु उत्तरार्ध टिकत नाही, कारण हे ऋण चित्रणाचे नसून ज्ञानाचे आहे. अरण्य कादंबरीत येते ते पायवाटांची, पाणवठ्यांची, पक्ष्यांच्या नावांची माहिती घेऊन. आणि ती माहिती कोणाकडून तरी उसनी घेतलेली असते. लेखक प्रास्ताविकात आभार मानून मोकळा होऊ शकतो. वाचकाकडे तशी सोय नाही. उसन्या ज्ञानाचे सुख त्याला मिळते आणि ज्याचे ते ज्ञान त्याला तो ओळखतही नाही. यावर अपराधभावना हा उपाय मला हास्यास्पद वाटतो. तीही पडवीवरच बसून अनुभवता येते. वाटाड्या संहितेत कोठे गप्प होतो, कोठे नुसता 'आमचा माणूस' होतो, ते वाचताना लक्षात ठेवणे एवढे तरी वाचकाच्या हातात आहे, आणि हे काम वाङ्मयीनच आहे.

वाचकाचे प्रेम पुस्तकात थांबत नाही हे ताडोब्याच्या दाराशी दिसते. १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९५मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या अरण्याचे नाव, लोककथेप्रमाणे, वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून आले. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे आता तेथून उठून बाहेर गेली आहेत. मोहर्लीच्या फाटकावर वाटाड्याला गणवेश मिळाला, त्याला 'गाइड' म्हणतात, त्याचे घर त्या पैशावर चालते. हे किपलिंगच्या गोंडापेक्षा बरे, असे म्हणावयास हरकत नाही. पण त्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, मे २०२५मध्ये तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. वाघ पाहण्यासाठी पैसे मोजणारा आणि वाघाच्या भयाने पाने तोडणारी, ही दोघे एकाच अरण्यात असतात असे म्हणणे कठीण आहे.

या अरण्याच्या काठावरचे लोक स्वतः कोणत्या कल्पित स्थळी रमतात? याचे उत्तर झाडीपट्टी रंगभूमीने दिले आहे. धानाची कापणी आटोपली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात आणि शंकरपटाच्या निमित्ताने माणसे थंडीत रात्रभर नाटक पाहतात. त्या नाटकांतील स्थळ बहुधा घर असते : सासर, वाडा, भावाभावांच्या वाटण्या. अरण्य रंगमंचावर क्वचितच येते. मंडपाच्या बाहेर ते हाकेच्या अंतरावर असते. हौसेने हिंडायची जागा म्हणून ते कोणाला लागत नाही. आपल्या नाट्यसमीक्षेने या नाटकांना भडक म्हणून बाजूस सारले, आणि स्थळाविषयीचा एक बोलका पुरावा त्यांच्यासोबत सारला गेला.

विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी हेमलकशाच्या परिसरातील माडियांची आहे. लेखक बाहेरचा, पण तेथे येऊन राहिलेला. या कादंबरीतील अरण्यात वाचकाला हिंडता येत नाही. वनरक्षक, ठेकेदार, पोलीस आणि दलम यांनी प्रत्येक वाट अडवलेली आहे. माझ्या मते तिचे महत्त्व तिच्या राजकीय भूमिकेत नसून याच अडवणुकीत आहे. रचनेच्या दृष्टीने ती सैल आहे, काही ठिकाणी निवेदक समजावत बसतो. परंतु मराठी वाचकाचे लाडके स्थळ तिने त्याच्यासाठी राहण्यास अवघड केले. विनायक तुमराम यांच्या कवितासंग्रहाचे 'गोंडवन पेटले आहे' हे शीर्षक घेतले तरी फरक कळतो. विश्रामगृहाच्या पडवीवरून पेटलेले वन दिसेल तेव्हा पाहुणा सामान बांधील. ज्याचे ते घर आहे त्याला वर्तमानकाळातच बोलावे लागते. पहिले आदिवासी साहित्य संमेलन १९७९मध्ये भद्रावतीला, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच भरले, ही घटना वाङ्मयेतिहासात एका ओळीची नोंद म्हणून येते. वाटाड्याने बोलण्यास आरंभ केला, असे तिचे वर्णन केले तर ते आलंकारिक ठरू नये.

बोलण्याचा परिणाम शब्दांच्या अर्थावरही होतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६च्या कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबू हे झाड की गवत या वादावर त्याची विक्री अडली होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावची'मध्ये या गावाची हकिकत सांगितली आहे, आणि पुस्तकाच्या नावात त्यांनी 'गोष्ट' हाच शब्द ठेवला. तेथे अरण्य पार्श्वभूमी नाही. सभेत ज्याविषयी एकमत करावे लागते तो विषय आहे.

गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथे मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बसलेली भामरागडची विद्यार्थिनी एखादा अरण्यवर्णनाचा उतारा वाचेल तेव्हा निवेदकामागून चालणाऱ्या, पाऊलखूण ओळखून थांबणाऱ्या, नाव नसलेल्या माणसापाशी तीही थांबेल. तो कोणत्या गावचा, त्याने उच्चारलेला शब्द गोंडी की माडिया, आणि लेखकाने तो बरोबर ऐकला की नाही, हे ती शिक्षकांना विचारील. शिक्षकांच्या टिपणांत त्याविषयी काही लिहिलेले नसेल.