विक्रीचा आकडा आणि अनुमान

इन्फ्रारेड तापमापकांच्या जागतिक बाजारपेठेचा अभ्यास करताना विक्रीचा आकडा हाती येतो. त्यावरून गरज सिद्ध होते का, हा प्रश्न मुळात न्यायशास्त्राचा, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेचा, आहे. 2020 साली कपाळावर रोखायच्या या ‘गन’ची मागणी जगभर उसळली. पण हे यंत्र ताप प्रत्यक्ष पाहत नाही. त्वचेतून निघणारे अवरक्त किरण ते टिपते, त्वचेची उत्सर्जकता साधारण 0.98 धरते आणि आकडा काढते. म्हणजे हे अनुमान झाले. उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असते, घामाने ते थंडही पडते. नैयायिक सांगतात, धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर नाही. धुराला ओल्या इंधनाची अट लागते. संसर्ग आणि ताप यांचे नाते असेच अटीचे. कोविडचे कितीतरी बाधित तापाविना हिंडत होते आणि आकडा ठीक दिसला की त्यांना आत सोडले जाई.

कुणी म्हणेल, काहीच न तपासण्यापेक्षा हे बरे. चार तापकरी अडले तरी लाभच. हे मला मान्य आहे. तापलेल्या पोलादाचे किंवा चालू विद्युत पॅनेलचे तापमान स्पर्शाविना मोजायला तर हे फार मोलाचे साधन आहे. आक्षेप यंत्रावर नाहीच. ‘ताप नाही’ एवढेच कळले असताना ‘धोका नाही’ असे मानले गेले, आणि त्या मानण्यालाच बाजारात किंमत आली. म्हणून 2020च्या उसळीला गरजेचा पुरावा म्हणणे मला पटत नाही. विक्रीच्या त्या आकड्यात भीतीही मिसळलेली आहे; कारखान्यांची नेहमीची खरेदी आणि साथीतली घाई वेगळी मांडल्याशिवाय पुढच्या मागणीचा अंदाज बांधता येत नाही.